स्टेशनावरचा नळ

मंगळवार, दिवेलागण

गोव्याला निघालेल्या दादाचा गाडीतून फोन. ‘आईला तुमच्या स्टेशनावर बाकावर बसवलंय. आता तुझी पाळी.’

धामापूरहून रिक्षाने धावले. आई बोचकं मांडीवर घेऊन बसलेली. ‘थांब गो, बाबलो पाणी भरूक गेलो आसा.’ दादाला ती अजून बाबलोच म्हणते. असं सांगून निसटला तर! आणि नळ तिच्या बाकाशेजारीच. किती वर्षं कोरडा.

मला काय झालं कोण जाणे. तिचा हात ओढून तो नळ फिरवायला लावला. ‘बघ, थेंब तरी आसा? गेलो तुझो बाबलो, गाडयेत बसान गेलो!’

तिने नळ नीट बंद केला.

‘हंय पाणी नाय, म्हणानच लांब गेलो आसतलो.’