मंगलच्या दुधातलं केशर

उत्रोली, ता. भोर

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या कुंडलिकचा पायावर डोकं ठिवून नमस्कार. तुझं गुडघं कसं हायेत? दाजींचा खोकला बसला का? हिकडं आमी जिवंत हाय, एवढंच सांगतो. 'खुशाल' लिवायला गेलो तर पेन अडतंय. मोबाईलवर सांगितलं असतं, पर आमच्या ओट्यावर बोललेलं गावभर ऐकू जातं (आता ऐकायला उरलंय तरी काय म्हना). म्हनून हे पत्र धनाजीच्या दुधाच्या टेम्पोतनं वरव्याला धाडतोय. वाचताना खाली बस.

लेक शेफाली लगीन हुऊन सासरी गेल्यापासून मंगल गप झाली, हे तुला ठावं हाय. पर किती गप, ते म्या कुणाला सांगितलं न्हाई. सकाळचा च्या दुपारपतोर तसाच, त्यावर साय धरायची. बायका भजनाला बोलवायला आल्या की आतनं कडी. एकदा भात शिजत लावून बसली ती बसलीच. करपून घरभर धूर झाला तरी हलली न्हाई (शेवटी म्याच पातेलं उतरवलं). मग मोबाईलवर एक बाई सांगताना दिसली, दुधात केशर घालून प्यालं की उदासी कमी हुते. आपल्याकडं केशर म्हंजे सत्यनारायणाच्या शिऱ्यात नखभर. पर बाई लई खात्रीनं सांगत हुती, म्हनून तडक नसरापूर गाठलं.

दुकानदारानं इवलीशी डबी काढली अन् हसत इचारलं, "पाव्हणं, कितवा महिना?" मला वाटलं, मंगल अशी हाय त्याला कितवा महिना. म्या म्हनलो, "चौथा." आता ह्यात माझं काय चुकलं, तूच सांग! तो म्हनला, "जपा वैनींना. जड उचलू देऊ नका." मला गहिवरून आलं. एवढ्या हायवेच्या गोंगाटात परका मानूस माझ्या बायकोच्या मनाची काळजी करतोय! (माझ्या मागं शेजारची साळूबाई खोबरं घेत उभी हुती, हे मागनं कळलं.)

मंगल दूध प्यायची, पर 'हे पिवळं काय' एवढंबी इचारायची न्हाई. अन् परवा भाताची लावणी अर्धी टाकून जेवायला घरी आलो, तर दारात ही चपलांची रास! वाटलं, मंगलनं जिवाचं काय बरंवाईट केलं. चिखलाच्या पायानं आत घुसलो, तर पन्नाशीला टेकलेली आपली मंगल मधी पाटावर, भवतीनं गावच्या बायका, अन् साळूबाई तिच्या ओटीत चिंचा घालतीया! अंगणवाडीच्या मायाताई मला म्हनल्या, "दादा, वयाचं घाबरू नका. तपासण्या फकस्त येळेवर करा."

मंगल माझ्याकडं बघून म्हनली, "तुमी नसरापुरात काय सांगून आला?" एवढं लांब वाक्य म्या कैक दिसात ऐकलं नव्हतं. म्या सगळ्यांदेखत बोलून गेलो, "म्या तुझ्या मनासाठी आनलं गं. तू बोलत न्हाईस, हसत न्हाईस, मला भ्या वाटतं."

मग मंगल हसाया लागली. खांबाला धरून हसली, चिंचा सांडल्या, अन् हसता हसता हंबरडा फोडला. मला वाटलं, आता बायका तोंडाला पदर लावून पळतील. एकबी उठली न्हाई. उलट साळूबाई म्हनली, "माजंबी पोरगं शहरात गेल्यापासनं असंच हुतंय, मंगल. सांगायचं कुणाला?" मग दुसरी बोलली, मग तिसरी. आपल्या आळीत एवढ्या बाया आतल्या आत झुरत हुत्या, अन् आमी गडीमानसं पारावर पावसाचा अंदाज सांगत बसलोय!

मायाताईंनी मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. काल भोरला जाऊन आलो. त्या म्हनल्या, केशराचा थोडा आधार व्हत असंल, पर त्याच्यावर इसंबून ऱ्हाऊ नका. गोळ्या येळेवर घ्यायच्या अन् मनातलं बोलायचं. मला इचारलं, "घरात एकमेकांशी बोलता का?" म्या म्हनलो, व्हय की, मोटर चालू केली का, म्हशीला पेंड घातली का. त्यांनी ते कागदावर लिवून घेतलं.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
कुंडलिक

ता.क. बातमी वरव्यात पोचली असंल. कुनी पेढं मागितलं तर साफ न्हाई म्हन.

ता.क. २. खरं म्हंजे पत्र ह्याच्यासाठीच लिवलं: आठ दिस ऱ्हायला ये. मंगलला जिवाभावाचं मानूस पायजे.

ता.क. ३. अक्का, मी मंगल. पत्र वाचलं. ह्यांनी एक लिवलं न्हाई. शेफालीला सासरी धाडल्यापासनं हे रोज गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडत्यात. मला दिसतं, हे त्यांना ठावं न्हाई. पुढच्या खेपंला त्यांचंबी नाव डॉक्टरीणबाईंकडं लावलंय, अजून सांगितलं न्हाई. तेवढ्यासाठी लवकर या. एकटीला हे ओढून न्हेता येनार न्हाईत.