अतीत कोण?

कामतघर, भिवंडी
सोमवार, २१ जुलै २०२५, एकादशी

चि. भावेश यास कमळाताईचा आशीर्वाद. देवाच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत. तू आणि नेत्रा प्रवासातून सुखरूप घरी आलात हे कळलं.

तू पेरू देशातून पोस्टात टाकलेलं पार्सल दोन महिन्यांनी परवा हाती आलं. आत निघालं ते असं: लोकरीची शाल एक, कानटोपी एक, रंगीत मक्याचे दाणे मूठभर, फोटो अकरा, तुझी चिठ्ठी एक. पोस्टमनने ड्युटीचे चारशे बारा रुपये घेतले. वहीत लिहिले, मागत नाही. भिवंडीत लोकरीची शाल कोण पांघरतं? गोधडीच्या आत घालीन.

फोटो भिंग घेऊन पाहिले. डोंगराला पायऱ्या पाडून लावलेली शेतं, खाली दरीत दोऱ्याएवढी नदी, लव्हाळ्याच्या बेटांवरची घरं, गावाच्या चौकात घोंगड्या विकायला बसलेल्या टोपीवाल्या बायका. एका फोटोत एक म्हातारी चालता चालता चातीवर लोकर कातते आहे, पाठीला बोचकं. तिच्या टाचा आईसारख्या फाटलेल्या. तो फोटो देवाजवळ ठेवला, बाकीचे पाकिटात घातले.

तू लिहिलंस, तिथली माणसं काही पिण्याआधी पहिला घोट जमिनीवर सांडतात, धरतीमायचा म्हणून. चांगली रीत आहे. वळ गावची आपली खारजमीन गोदामवाल्याला दिलीस तेव्हा धरतीमायला काय दिलंस, ते चिठ्ठीत दिसलं नाही.

तळ्याचा व्हिडिओ मात्र आमच्या पोरीने, पूर्वीने, मोबाइलवर आधीच दाखवला होता. पलीकडे बर्फाचे डोंगर, निळंशार पाणी, तू होडीतून डबा उपडा करतोस आणि पाण्यावर काळी साय पसरते. ती काही बुडत नाही. तू रडतोस, "बघ ना नेत्रा, आईचा पाय निघत नाही." नेत्रा म्हणते, "किती पवित्र वाटतंय इथे." हौसाकाकीने तीनदा बघितला, डोळ्यांना पदर लावून. म्हणाली, "पोरानी आयेला सरगान नेली गो." मी भगर निवडत होते. निवडतच राहिले.

आता लिहायचं ते लिहिते. फोनवर सांगितलं असतं तर तू फोन कापला असतास. कागद कापला तरी वाचून कापशील.

आई आठ महिने माझ्याकडे अंथरुणाला होती आणि तू तीनदा आलास, ते मी काढत नाही. पण ती सांगून गेली होती, "मना लांब नको नेव. आपले खारीन सोर." दहाव्याला मी तेच सांगितलं, अस्थी आपल्या खाडीत सोडू, तर तू भाऊकीसमोर म्हणालास, "अस्थींवर मुलाचा हक्क. ताई, तू परक्या घरची, मधे पडू नकोस." भाऊकी हात धुवायला उठली. मी पत्रावळी उचलायला गेले.

मग अस्थींचा कलश वळच्या आंब्याला टांगून तू निघून गेलास. पंधरा दिवसांनी घट्ट झाकणाचा डबा पाठवलास. "ताई, विमानात कलश चालत नाही. कलशातलं यात तू भर, आमच्या अंगावर येतं." हक्क तुझा, आणि हात परक्या घरचीचे.

भरला डबा. आईच्या फळीवरच्या राखुंडीने. भाताच्या तुसाची, मीठ घातलेली, तिची दात घासायची. वर लाल कापड बांधलं, अक्षता टाकल्या. तुसाची राख हलकी, तरंगते. अस्थी म्हणजे हाडं, भावेश, ती बुडतात. अर्धी पृथ्वी ओलांडून गेलास आणि डब्यात एक हाड नाही हे तुला दिसलं नाही. त्या तळ्यावर तू रडलास तो आईच्या दंतमंजनासाठी.

देवाला सांगून केलं. पाप असेल तर माझ्या नावावर लागो. पण व्हिडिओ पाहिला त्या दिवशी, आई गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवले, तेही लपवत नाही.

आई आंब्यालाच आहे. पावसासाठी कलशाला मेणकापड गुंडाळलं. दर गुरुवारी जाऊन दिवा लावते.

२२ ऑगस्टला, शुक्रवारी, पिठोरी अमावास्या आहे. आई खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरून, मागे न बघता विचारायची, "अतीत कोण?" वाण घ्यायला दारी आलेला पाहुणा कोण, असं. मागून तू मला कोपराने ढकलून आधी म्हणायचास, "मी." वाण तुला मिळायचं.

त्या दुपारी भरती फिरली की मी कलश डोक्यावर घेऊन खाडीवर उभी राहीन. भाऊकीला बोलावलं आहे, कशाला ते सांगितलेलं नाही. मी मागे न बघता विचारीन, "अतीत कोण?" तू माझ्या पाठीशी उभं राहून, डब्यात काय होतं आणि तो तू का भरला नाहीस, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. मग "मी" म्हणायचं. कलश तुझ्या हातात देईन, तुझा हक्क मी बुडवणार नाही. आला नाहीस तर तुझा व्हिडिओ लावून मीच सगळं सांगेन. मग विचारीनही मी, आणि "मी" म्हणेनही मीच.

सोबत तिकीट लावलेलं पाकीट घातलं आहे, वर माझा पत्ता आहे. येतोस की नाही, एवढंच उलट टपाली कळव.

परक्या घरची,
कमळा