विहिरीच्या पाण्याचा पेला

घरधन्यांस, नातीच्या बिऱ्हाडातून बायकोचा नमस्कार.

मी धडधाकट आहे. नात पोटभर जेवू घालते, मीठ तेवढं विसरते.

आपल्या विहिरीचं पाणी तिने प्रयोगशाळेत तपासलं. माझी बाटली बघून म्हणाली, "आजी, राखेने घासलीस? मग राखच सापडेल!" म्हणून भाऊजींकडून कोऱ्या बाटलीत पुन्हा पाणी भरून मागवलं.

बोटाएवढी पट्टी पाण्यात बुडवतात. पाण्यात शिसं असलं तर वीज दिली की ते पट्टीला चिकटतं, वीज फिरवली की सुटतं, आणि सुटताना पडद्यावरची रेघ वर चढते. इथल्या नळाच्या पाण्याला रेघ आडवीच पडून राहिली. आपल्या पाण्याला डोंगर उभा राहिला.

नात म्हणते, तुमचे हात कापतात ते या शिशानेही असेल, डॉक्टरला दाखवा. आणि तो जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारा शेजारी आपल्याच दारात हसला होता, "आजोबा, वय झालं, माझ्या भट्टीला कशाला बोल लावता?" ते हसू मी गाठीला बांधून ठेवलंय.

ते पाणी तोंडाला लावू नका, जाऊबाईंकडून आणवा. कापरं वाढलंय का? खरं सांगा.

त्याच्याशी भांडू नका, मी येतेय. आल्यावर त्याला चहाला बोलवू, सगळ्या आळीला बोलवू. चहाआधी मीच त्याच्यापुढे विहिरीच्या पाण्याचा पेला धरीन. "पी बाबा, तुझ्या भट्टीने काही होत नाही ना?" त्याने हात मागे घेतला की आळीला तपासणीचा कागद वाचून दाखवायचीही गरज नाही.

मोठा पितळी पेला काढून ठेवा. घासू मात्र नका, हातातून पडेल. मी घासीन, राखेने.

तुमची,
भांडायला उतावीळ झालेली