तुरीच्या डब्याखालचा नकाशा

माय,

तुझ्यावर चिडायला आता फार उशीर झाला, तरी चिडतोच. अकोल्याच्या घरी फळ्यांवर अंथरायला तू रद्दीवाल्याकडून नकाशांचं एक जुनं पुस्तक आणलंस. का, तर कागद जाड, तेलाचा डाग खाली उतरत नाही. वरचं नाव फळीच्या मापात बसेना म्हणून छाटलंस, आणि खाली लोंबणाऱ्या कडेची कात्रीनं झालर केलीस. रंगांची सूची नेमकी त्या कडेला होती. उरले ते मुके नकाशे. फिका, मधला, गडद. पण काय कमी, काय जास्त, ते सांगणारं काही नाही.

"माय, कोणता रंग म्हणजे काय, तेच कापलं तू!"

"मंग काय झालं? डबे काय वाचून राहिले?"

जेवता जेवता समोरचे डबे सरकवून मी अंदाज करायचो. कोकण गडद, म्हणजे पाऊस. मुंबई-पुणं गडद, म्हणजे कारखाने, नाहीतर मोटारी. असाच शिकलो, कोणी शिकवलं नाही. तुरीच्या डब्याखालचा तेवढा राहिला. त्यात आपलं वऱ्हाड गडद, मराठवाडा मधला, बाकी सगळं फिकं. मी म्हणालो, रोगराई असेल, नाहीतर पाणीटंचाई. तू वरणाला फोडणी देते आहेस, हातात पळी, आणि मागं न बघता म्हणतेस, "काहून रे बापू, आपल्यावरच रोग टाकून राहिला? आपला भाग रंगला ना? मंग चांगलंच असन काईतरी. रंग कोनाले फुकट भेटते?"

मी समजावलं. गडद म्हणजे जास्त, चांगलं नव्हे. जास्त काहीही असू शकतं. "बरं गुरुजी, पोई घ्या," म्हणालीस. मी ताटावरून उठलो. पुरावा तूच कापलेला, आणि वर वाद घालतेस!

आता मी अमरावतीला आहे, नांदगाव पेठेच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करतो. तुझी नात पुण्यात नोकरीला आहे. तिनं ऑफिसातल्या मित्रमंडळींचा फोनवर एक गट केलाय. रोज सकाळी ती एक नकाशा टाकते, नाव झाकून. हा कशाचा, ते ओळखायचं. एकच संधी. "बाबांना हरवून दाखवा," असं सांगून तिनं मलाही त्यात घेतलं. ते सगळे इंजिनिअर, मी दहावी. अजून एकदाही चुकलो नव्हतो. पण या पोरांना एक खोड आहे. वऱ्हाड गडद दिसलं की डोळे मिटून लिहितात, 'दुष्काळ'. मी विचारलं, दुष्काळ मोजलाय कशात? पावसात, पिकात, की टँकरमध्ये? तर एक जण लिहितो, "सॉरी काका, पण तिकडे दुसरं काय असणार?" हातातला चहा मी तसाच ठेवला. चांगलं लांबलचक उत्तर लिहून त्याला झापला.

काल तुझाच नकाशा आला. तोच आहे, असं शपथेवर सांगणार नाही. तुझ्या वेळी वाशीम अकोल्यातच होतं, यात वेगळं आहे. पण वऱ्हाड गडद, मराठवाडा मधला, बाकी फिकं. दोघांनी 'दुष्काळ' लिहूनही टाकलं होतं. मला हसू आलं. मी माझं उत्तर लिहिलं, पाठवलं, आणि लगेच खाली नातीनं खरं उत्तर टाकलं: तुरीखालचं क्षेत्र.

तूर, माय! डबा वर, नकाशा खाली. वर्षानुवर्षं मी तो डबा उचलून खाली बघत होतो.

मी झटकन माझा संदेश पुसला. तेवढ्यात नातीचा फोन.

"बाबा, काय पुसलं?"

"तूरच लिहिलं होतं. शुद्धलेखन चुकलं."

"तूरमध्ये काय चुकतं, बाबा?"

"ऱ्हस्व पडला."

ती खूप हसली. म्हणाली, तुम्ही म्हणजे ना! आणि तिनं सगळ्यांना कळवलं की आजचाही गुण बाबांचाच.

हे तुला पोचायचं नाही, आणि तिला मी दाखवायचा नाही. मी 'पाणीटंचाई' लिहिलं होतं. गुण अजून माझ्याच नावावर आहे. परत करीन म्हणतो, पण त्या झापलेल्या पोरासमोर नाही.