*99# आणि मिनूचा डोळा

९ नोव्हेंबर २०१०
वाढदिवसाचे फोटो मोबाईलमधून लॅपटॉपवर घेतले. मिनू, दादाची पोरगी, परवा एक वर्षाची झाली. फ्लॅशमुळे सगळ्यांचे डोळे लाल आलेत. मिनूचा उजवा लाल, डावा पांढरा. चुन्याचा ठिपका ठेवावा तसा. एका फोटोत असतं तर सोडून दिलं असतं. ती सरळ समोर बघतेय अशा बऱ्याच फोटोंत तसंच. काहींत मात्र दोन्ही लाल. मग काय समजायचं?
माय म्हणे, "तुया मोबाईलच खराब हाय."
असेलही. जुनाच आहे.

१० नोव्हेंबर
सकाळी मिनूला खिडकीपाशी धरून पाहिलं. डोळे काळेभोर, चांगले. दादाने गावातल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बॅटरी मारली, काही नाही म्हणाले.
तरी वैशालीला फोन केला. होस्टेलमधली रूममेट, आता नागपूरला डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स. वाटलं हसेल. हसली नाही. "फोटो पाठव, इथल्या डॉक्टर मॅडमला दाखवते." एमएमएस केला. तिच्याकडे टिकलीएवढा, धुरकट पोचला. म्हणे यावरून काही सांगता येत नाही, मूळ फोटो मेल कर, कापू नको, लहान करू नको.
"काय असेल गं?"
"पाठव ना आधी."
हे उत्तर आवडलं नाही.
राळेगावचा नेट कॅफे दिवाळीपासून बंद. मालक गावाला गेलाय.

११ नोव्हेंबर
एसटीने राळेगावला गेलते. मोबाईल दुकानाचे गजूभाऊ म्हणाले, "कॅफे कायले पाह्यजे? तुमचा फोनच मॉडेम हाय. केबल लावा अन् स्टार नव्व्याण्णव हॅश डायल करा." नेटचं रिचार्ज मारलं, केबल घेतली.
घरी आल्यावर लाइट नाही. लाइट आल्यावर लावलं. लॅपटॉप म्हणतो फोन नंबर टाका. *99# टाकलं. डायल होतंय... मग पलीकडचा कॉम्प्युटर उत्तर देत नाही. परत. परत तेच.
माय तांदूळ निवडत होती. "कोनाले लावून राह्यली?"
"इंटरनेटला."
"उचलत नाही?"
"नाही."
"मंग कामात असन."

१२ नोव्हेंबर
कंपनीच्या कस्टमर केअरवाल्या बाईने वेगळाच नंबर सांगितला. *99***1#. मधे तीन स्टार, मग एक, मग हॅश. हे एक कशाचं विचारलं तर म्हणाली, मॅडम, असंच असतं.
आणि लागलं! कोपऱ्यात दोन छोटे पडदे लुकलुकायला लागले. कनेक्टेड. आनंदाने वहिनीला हाक मारली. पण पान एकही उघडेना. इकडून जातंय, तिकडून काही येत नाही. जोडलंय म्हणतो आणि जोडलेलं नाही. तुटलेलं असतं तर निदान तुटलं म्हणता आलं असतं.
रात्री जेवताना दादा, "फ्लॅशच्या पायी कापूस टाकून नागपूरले जाऊ का? येचाले बाया मिळून नाही राह्यल्या." डॉक्टरांनी काही नाही म्हटलंय, तो तरी काय करेल. वहिनी ताटात बघत होती.

१३ नोव्हेंबर
शेजारच्या काकांनी #777 सांगितलं. त्यांचा मुलगा पुण्यात तेच लावतो. तेही करून पाहिलं. नंतर कळलं, तो नंबर वेगळ्या जातीच्या फोनचा. सेटिंगमधे काय काय बदललं ते आता मलाच आठवत नाही. चूक नंबरची, फोनची, की माझी?
दुपारी वहिनी कपडे वाळत घालताना एकदम म्हणाली, "ताई, मोबाईल खराब नाही."
"म्हणजे?"
"सांजच्याले दिवा लावते न मी, तवा मिनू वर पाहाते. डोळा चमकते. मांजरीवानी. लय दिवसांपासून."
"दादाला बोलली?"
"नाही. आपल्यालेच तसं दिसत असन वाटलं." चादर पिळलेली होती तरी पिळत राहिली. "अन् बोललं, अन् खरं निघालं तं?"
म्हटलं उद्या पाठवतेच. कसं, ते ठाऊक नव्हतं.

१४ नोव्हेंबर
लॅपटॉप पिशवीत घालून परत गजूभाऊ. त्यांनी लावलं, तसंच. मग फोनच्या सेटिंगमधे दोघं शिरलो. तिथे जोडणीची दोन नावं निघाली. पहिलं एमएमएसचं, दुसरं इंटरनेटचं.
मी म्हटलं, "ते शेवटचं एक म्हणजे हे पहिलं तर नसेल?"
"असू शकते. दोन टाकून पाहा. नाही तं नाही."
त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही. *99***2#.
पान उघडलं. वरून खाली, गाडीची काच हळूहळू वर चढावी त्याच्या उलट. फोटो जोडला. अर्ध्यात कट. परत जोडला. गजूभाऊंनी गिऱ्हाईकं बाहेरच्या बाजूला उभी केली, "ताईचं काम चालू हाय, फोनले हात नका लावू." फोटोत काय आहे त्यांनी विचारलं नाही. पडद्यावर मात्र पाहिलं होतं.
दुपार उलटल्यावर गेला एकदाचा. वै. ला फोन करून सांगितलं.
येताना एसटीत वाटत होतं, फोटो न जाता तर बरं. म्हणजे तसं नाही. पण...

१५ नोव्हेंबर
सकाळी वै. चा फोन. तिने लगेच मॅडमकडे दिला. मॅडम स्वतः.
"बाळ किती मोठं? एकाच डोळ्यात? नागपूरला यायला किती वेळ लागतो?"
"काय आहे मॅडम?"
"तपासल्याशिवाय नाव घेणार नाही. पण थांबू नका. उद्याच निघा."
दादा कापसाचे बोजे रचत होता. सांगितलं. "फोटो पाहून काय समजते त्याइले?" एवढंच म्हणाला. आणखी एक बोजा उचलला, परत खाली ठेवला. मग हातपाय धुवून आत आला आणि मायला म्हणाला, "परवापर्यंत वावराकडे तू पाह्यजो."
वहिनी आधीच बॅग भरत होती. मिनूचे कपडे घड्या घालते, काढते, परत घालते.

१७ नोव्हेंबर, नागपूर
काल सांजेला पोचलो. आज तपासणी. डोळ्यात थेंब टाकून मॅडमनी बराच वेळ पाहिलं. मिनू इतकी रडली की शेवटी हुंदके देत वहिनीच्या खांद्यावर झोपली.
डाव्या डोळ्याच्या आत गाठ आहे. उजवा आतापर्यंत तरी स्वच्छ दिसतो. उद्या भूल देऊन नीट बघतील, मग ठरेल डोळा ठेवायचा की काढायचा. ती वाचावी म्हणून काढावा लागू शकतो. मॅडम हे सगळं हळू बोलल्या, दोनदा बोलल्या. तरी मला वाटत होतं दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतायत.
दादाने विचारलं, "त्या डोळ्यानं तिले कवापासून दिसत नसन?"
"सांगता येत नाही. कदाचित नीट असं कधी दिसलंच नसेल."
घरी उंबऱ्यावरून खाली उतरताना मिनू आधी पूर्ण मान डावीकडे वळवते, मग पाय टाकते. आम्ही हसायचो. नखरा करते म्हणायचो. दादाच सगळ्यात जास्त हसायचा. आता तो बाहेर बाकावर बसलाय. जवळ गेले नाही.
सकाळी मिनूला उपाशी न्यायचंय. पाणीसुद्धा नाही. वहिनी विचारते, "उठल्याबरोबर दूध मांगन, तं काय सांगू तिले?"
वै. म्हणते, खेळवत राहायचं. मी तेच वहिनीला सांगितलं. तिने मान हलवली. ऐकलं की नाही कळलं नाही.