तिसरा उद्गार

जालना,
पवित्र आठवड्याचा मंगळवार

प्रिय अक्षू,

हे पत्र सुमेधाच्या हाती देतो आहे. तुम्ही दोघी एकाच शाळेत शिकवता, तेव्हा तुझ्या सासरच्या पत्त्यावर टाकण्यापेक्षा हे बरं. मधल्या सुट्टीत वाच आणि तिच्याकडेच परत दे. घरी नेऊ नकोस. पप्पांना फोन लावता येत नाही का, असं म्हणशील. लावतो ना. पण हल्ली तुझा फोन स्पीकरवर असतो.

इकडे आईचे गुडघे कुरकुरतात, तरी झावळ्यांच्या रविवारी ती चर्चपर्यंत चालत आली. निवृत्त झालो तरी मालक बियाण्याच्या गोदामात अधूनमधून बोलावतात. कालच गेलो आणि सोयाबीनच्या पोत्यांवर मक्याची लेबलं लावून आलो. रामप्रसाद हमाल म्हणाला, "काका, ध्यान कुठंय तुमचं?"

उत्तम शुक्रवारी क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, ते तुला आठवत असेल. लहानपणी तू बाकावर बसून आणखी किती जण राहिले ते बोटांवर मोजायचीस. यंदा पाळकसाहेबांनी मला तिसरा उद्गार दिला आहे. क्रूसाजवळ उभ्या असलेल्या आईला प्रभू आपल्या शिष्याच्या हाती सोपवतो, तो. मी जन्मात कधी मंडळीसमोर उभा राहिलेलो नाही. कागद पुढे घेऊन बसतो आणि मन परतूरला, तुझ्याकडे येतं.

फेब्रुवारीत तुझ्या घरी आलो तेव्हा तुझ्या हाताला प्लास्टर होतं. न्हाणीत घसरले, म्हणालीस. तुझ्या सासूबाईंनी, बेबीनंदाताईंनी, चहा दिला. म्हणाल्या, "मिथुन जरा तापट हाय, मंग काय झालं. प्रार्थनेत ठेवा त्याला." तू दाराशी उभी होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. परत येताना गाडीत सारखं वाटत राहिलं, की पोरगी न्हाणीत घसरली असेल, तर जावयाच्या रागाबद्दल कशाला बोलायचं?

इथे आल्यावर अण्णासाहेबांशी बोललो. ते चर्चच्या मंडळीचे कारभारी, आणि बेबीनंदाताईंचे सख्खे भाऊ. त्यांना बरं वाटणार नाही हे माहीत होतं, पण ते चिडले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, ज्याचा त्याचा क्रूस असतो. पोरीला वाहू द्या. तुम्ही मधी पडू नका." मी मान डोलावली, कारण हे शब्द आपलेच, पाळण्यापासून ऐकलेले. मग गेल्या आठवड्यात तूच फोनवर म्हणालीस, पप्पा, मी माझा क्रूस वाहते आहे. आणि तुझ्यामागून कुणीतरी म्हणालं, "आमेन."

परवा तुझी आई तूरडाळ निवडत होती आणि मी माझं भाषण तिला वाचून दाखवत होतो. मरियेच्या सोशिकपणावर बरंच लिहिलं होतं. तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "अहो, हातापायात खिळे असताना त्यानं आईला घर बघून दिलं. सोस म्हणून न्हाई सांगितलं. आणि आपण दोघं धडधाकट बसलोय इथं." मी कागद फाडला.

तेव्हापासून एकच घोळतं आहे. त्याने आपला क्रूस जाणून उचलला, दुसऱ्यांना सोडवण्यासाठी. त्या गोष्टीत दुसऱ्याच्या पाठीवर लाकूड लादणारेही होते, पण ते शिपाई होते. मिथुनचा हात सुटतो त्यातून कोण सुटतं, पोरी? तो तर दर वेळी आणखी अडकतो. तू क्षमा कर, तुझी इच्छा असेल तर. पण क्षमा इथून, आपल्या घरूनही करता येते.

शुक्रवारी मला हेच बोलायचं आहे. पण पुढच्याच बाकावर अण्णासाहेब असतील आणि मी खाली उतरायच्या आत परतूरला फोन गेलेला असेल. त्या वेळी तू त्या घरात असता कामा नयेस. म्हणून हे पत्र. गुरुवारी शाळा सुटताना मी भारतची जीप घेऊन फाटकासमोर थांबेन. भारत, तुझा आतेभाऊ, गाडी चालवेल, काही विचारणार नाही. सामान आणू नकोस, पर्स घेऊन निघतेस तशी नीघ. मी तुला ओढून नेणार नाही, तेही लादणंच होईल. तू गाडीत बसलीस तर शुक्रवारी मनातलं सगळं बोलेन. नाही बसलीस तर आजारी असल्याचं पाळकसाहेबांना कळवेन आणि घरीच राहीन. माझ्या बोलण्याची किंमत तुझ्या हाडांनी मोजायला नको.

फाटकाकडे नजर लावून बसलेला,
तुझाच,
पप्पा