अकरावं विधान

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे तसंच कपाटावर टाकून देशील, मला माहीत आहे. तरी लिहितेय. सव्वादोन वर्षं अबोला धरला आपण, आता पुरे झाला. आणि मी भांडायला बसलेय, पण या खेपेला तुझ्याशी नाही.

घरातल्या आजारी माणसाचं वर्षानुवर्षं करणाऱ्यांच्या मनात काय चालतं, ते मोजणारी प्रश्नावली आम्ही तयार करतोय. तीस विधानं आहेत. 'मला पाठ टेकायला वेळ मिळत नाही', 'माझी कोणी विचारपूस करत नाही', अशी. प्रत्येकापुढे चार चौकोन: कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी. मन काय तराजूत टाकायची वस्तू आहे का, असं तू म्हणशील. मीही म्हणायचे. पण 'जरा थकवा येतो' म्हटलं की डॉक्टर मान डोलावून पुढच्या पेशंटकडे वळतात, आणि कागदावर आकडा दिसला की खुर्ची ओढून बसतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गाडं अडलं ते अकराव्या विधानावर. 'हे माणूस आता सुटावं, असं माझ्या मनात येतं.' पहिल्या चाचणीत जवळजवळ सगळ्यांनी 'कधीच नाही'वर खूण केली. आमचे सर म्हणाले, हे बाकीच्यांशी जुळत नाही, काढून टाका. मी हटून बसले. सगळे फॉर्म पुन्हा उपसले, तेव्हा कळलं की माती आम्हीच खाल्ली होती. फॉर्म भरून घेतले दवाखान्यातल्या बाकावर, आजारी माणूस शेजारी व्हीलचेअरमध्ये, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना आम्हीच खणखणीत आवाजात वाचून दाखवत होतो. बापाच्या देखत कुठला मुलगा हो म्हणेल? एवढे शिकलेले आम्ही, पण कुणाच्या डोक्यात हे आलं नाही.

दुसऱ्या खेपेला एकेकाला रिकाम्या खोलीत बसवलं. दार बंद, फॉर्मवर नाव नाही, फक्त कामधंदा आणि कुणाचं किती वर्षं करताय एवढंच, पाकीट स्वतःच चिकटवायचं. निम्म्याहून जास्त लोकांनी 'बऱ्याचदा'वर खूण केली. एका निवृत्त शिंप्याने, बायकोचं नऊ वर्षं करतोय तो, चौकोनाबाहेर लिहिलं होतं, 'आणि मग दिवसभर स्वतःची लाज वाटते.' ते वाचून मी फॉर्म बाजूला ठेवला आणि रडले. लपवत नाही तुझ्यापासून.

तरी प्रश्नावली मंजूर करणारी समिती ऐकेना. एक बाई म्हणाल्या, असलं विचारणं बरं दिसत नाही. मी तोंडावर सांगितलं, तुम्हाला नुसतं विचारायची लाज वाटते, तर ज्यांच्या मनात येतं ते कुणाकडे जाणार? हे विधान गेलं तर माझं नावही काढा, मी दुसरीकडे भांडी घासेन. सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, मी घेतला नाही. आता समितीने शेवटचा खोडा घातलाय. प्रत्येक विधान कुठल्या मुलाखतीतून आलं, त्याची नोंद लागते. अकराव्यापुढचा रकाना कोरा आहे. महिनाअखेर तो भरला नाही, तर विधान रद्द.

तो कोरा आहे, कारण ते वाक्य तुझं आहे. आईची चादर बदलताना तू बोललीस, शब्द न् शब्द तेच. सहा वर्षं तू एकटीने तिचं केलंस, आणि मी चार दिवसांची पाहुणी, तुला काळजाच्या जागी दगड आहे म्हणाले. माझं चुकलं, ताई. 'माझ्या मोठ्या बहिणीने सांगितलं' असं त्या रकान्यात लिहायला मला तुझा होकार हवाय. नाही म्हणालीस तरी विधान राहणार. मग मी तिथे माझं नाव लिहीन, आणि ते खोटं नसेल. त्या दिवशी तुझ्याआधी, आईचा हात हातात घेऊन बसले असताना, माझ्याही मनात तेच आलं होतं. तू ते बोलून दाखवलंस, म्हणून मी तुझ्यावर तुटून पडले.

तुझीच,
धाकटी